बर्फांतला पशु आणि खाडींतला पक्षी

शीळफाट्याला हिवाळा येतो, पण बर्फ येत नाहीं. पहांटे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं धुक्याचा पातळ थर बसतो. मुंब्र्याकडून, पनवेलकडून आणि कल्याणकडून येणाऱ्या मालमोटारींचे दिवे त्या धुक्यांत पिवळट दिसतात. आणि ऊन वर येतांच डोंगरउतारावरचें वाळलेलें गवत उघडें पडतें. तरीहि या फाट्याच्या आसपासच्या, ठाण्याच्या किंवा कल्याण-डोंबिवलीच्या सुशिक्षित घरांत दिनदर्शिकेच्या पानावर, भेटकार्डावर किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर हिमाच्छादित रानांत उभें असलेलें हरिण किंवा चंद्राकडे तोंड करून ओरडणारा लांडगा हमखास आढळतो. ज्यानें बर्फ पाहिलेला नाहीं आणि लांडगाहि पाहिलेला नाहीं, त्यानें अशा चित्राची पारख कशी करावी? आणि ती करून त्याला लाभ काय? हा प्रश्न वाटतो तितका हौशी लोकांचा नाहीं.

चित्रकलेच्या चर्चेंत वास्तववाद आणि अद्भुतरम्यवाद हे दोन शब्द वारंवार येतात. जें आहे तें जसें आहे तसें दाखविणें हा पहिल्याचा अर्थ, आणि जें दिसतें त्याला भावनेचा व कल्पनेचा रंग चढवून दाखविणें हा दुसऱ्याचा अर्थ, एवढें बहुतेकांना ठाऊक असतें. परंतु इतक्याच भांडवलावर प्राण्यांच्या चित्रांची पारख करूं गेल्यास फसगत होते. कित्येकांची समजूत अशी कीं, केसन् केस मोजून काढलेलें चित्र तें वास्तववादी आणि धूसर, पुसट चित्र तें अद्भुतरम्य. ही समजूत बरोबर नाहीं. केस मोजून काढलेला प्राणीहि निव्वळ कल्पनेंतला असूं शकतो, आणि चार फटकाऱ्यांत काढलेला ससा अगदीं खरा असूं शकतो. भेद निराळ्या ठिकाणीं आहे. चित्रांतला प्राणी स्वतःच्या उद्योगांत गुंतलेला आहे, कीं माणसानें सोंपविलेली एखादी भूमिका वठवीत आहे, हा तो भेद होय.

हा भेद पाहण्यास हिवाळ्याइतका सोयीचा ऋतु नाहीं. उत्तरेकडील देशांत बर्फ पडला म्हणजे गवत, पाचोळा, पाऊलवाट, कुंपण सारें झांकून जातें. पुष्कळ झाडांचीं पानें आधींच गळालेलीं असतात. उरतो तो कोऱ्या कागदासारखा विस्तार आणि त्यावर अक्षरासारखा उठून दिसणारा प्राणी. अद्भुतरम्य चित्रकाराला हा विस्तार रंगभूमीसारखा उपयोगी पडतो. एकाकीपणा, पराक्रम, मृत्यु, दैवी कोप, जें दाखवावयाचें तें तेथें विनाअडथळा दाखवितां येतें. वास्तववादी चित्रकाराला तोच विस्तार हिशेबाच्या वहीसारखा वाटतो. कोण केव्हां आला, कोठें थांबला, कोणी कोणाला पकडलें, हें तेथें पावलांच्या ठशांनीं लिहिलेलें असतें. शिवाय हिवाळा हा रानांतील टंचाईचा काळ. अंगांत ऊब टिकविण्यास अन्न अधिक लागतें, आणि नेमकें तेंच कमी मिळतें. म्हणून हिवाळ्यांतील प्राण्याचें खरें चित्र बहुधा भुकेचें चित्र असतें.

इंग्रज चित्रकार सर एडविन लँडसीअर (१८०२–१८७३) हा अद्भुतरम्य पक्षाचा मोठा प्रतिनिधि. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकांतील सिंह याच्याच हातचे. त्याचें ‘मोनार्क ऑफ द ग्लेन’, म्हणजे ‘दरीचा राजा’, हें १८५१ चें चित्र फार गाजलें. स्कॉटलंडच्या डोंगरांत धुक्याच्या पार्श्वभूमीवर एक मोठ्या शिंगांचें हरिण मान वर करून उभें आहे. त्याचे केस, नाकपुड्या, शिंगांच्या फांट्या यांत चूक काढावयास जागा नाहीं. हरिणाची शरीररचना लँडसीअरला पाठ होती. तरीहि तें हरिण चरत नाहीं, वास घेत नाहीं, पळण्याच्या तयारींतहि नाहीं. तें राजासारखें उभें आहे, कारण चित्रकाराला तेथें राजा हवा होता. पुढें साबणाच्या आणि मद्याच्या विक्रेत्यांनीं हें चित्र जाहिरातींत वापरलें, यांत नवल नाहीं. ज्या प्राण्याला स्वतःचें काम नाहीं, त्याला कोणतेंहि काम लावतां येतें.

लँडसीअरचें १८६४ चें दुसरें चित्र बर्फांतलेंच आहे. ‘माणूस योजतो, ईश्वर मोडतो’ अशा अर्थाचें त्याचें नांव. सर जॉन फ्रँकलिन १८४५ सालीं दोन जहाजें आणि शंभराहून अधिक माणसें घेऊन उत्तर ध्रुवप्रदेशांतील सागरमार्ग शोधावयास गेला, तो आणि त्याच्याबरोबर हिमप्रदेशांत शिरलेले सर्व जण तेथेंच संपले. लँडसीअरनें बर्फाच्या ढिगाऱ्यांत जहाजाचे अवशेष आणि माणसाचीं हाडें दाखविलीं असून दोन पांढरीं अस्वलें त्यांवर तुटून पडलेलीं आहेत. पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. पण हीं अस्वलें केवळ अस्वलें नव्हेत. मानवी गर्वाला शासन करणारे ते निसर्गाचे दूत आहेत. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयांत हें चित्र टांगलेलें आहे. तें समोर असतां परीक्षा दिल्यास विद्यार्थी नापास होतो, अशी समजूत तेथें पसरली, आणि परीक्षेच्या दिवसांत त्यावर निशाण टाकून तें झांकण्याची प्रथा पडली. अद्भुतरम्य चित्राचें सामर्थ्य किती असतें, याला याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

फ्रान्सांत वास्तववादाचा ध्वज हातीं घेतला तो गुस्ताव्ह कूर्बे (१८१९–१८७७) यानें. तो स्वतः शिकारी होता. १८६० च्या त्याच्या एका चित्रांत बर्फांत एक खोकड आहे आणि तें नुकताच पकडलेला उंदीर खात आहे. एवढेंच. त्यांत पराक्रम नाहीं, शोक नाहीं. एका प्राण्याची जेवणाची वेळ आहे. पण याच कूर्बेनें १८६७ सालीं हरिणाच्या मृत्यूचें एक प्रचंड चित्र काढलें. बर्फांत कोसळलेलें हरिण, त्यावर झडप घालणारे कुत्रे, चाबूक उगारलेला शिकारी, यांत नाट्य इतकें भरलेलें आहे कीं वास्तववादाचा हा पुरस्कर्ता पलीकडच्या गोटांत जाऊन बसला असें वाटावें. यावरून हें उमजतें कीं हे दोन वाद म्हणजे चित्रकारांच्या दोन जाती नव्हेत. एकाच हाताला दोन्ही ओढी असतात.

स्वीडनचा ब्रुनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) यानें दुसरी वाट अधिक निष्ठेनें चोखाळली. त्यानें घराशेजारीं पशुपक्षी पाळून त्यांचें निरीक्षण केलें, रानांत बंदूक घेऊन हिंडला, आणि छायाचित्रांचाहि उपयोग केला. तिकडचा डोंगरी ससा हिवाळ्यांत पांढरा होतो. लिल्येफोर्सच्या हिवाळी चित्रांत हा पांढरा ससा बर्फांत असा मुरतो कीं आधीं दिसतें तें रान, आणि मग त्यांतून कान व डोळा वर येतो. रानांत फिरणाऱ्याला ससा असाच दिसतो. पोलंडच्या युझेफ हेल्मोन्स्की यानें १८९१ सालीं काढलेलें तित्तिरांचें चित्रहि याच जातीचें. उघड्या माळावर, वाऱ्यांत व बर्फांत, तित्तिरांचा एक थवा पिसें फुगवून, एकमेकांना धरून धुरकट शून्यांतून पुढें सरकत आहे. चित्र पाहून जीव कळवळतो. पण ती करुणा चित्रकारानें पक्ष्यांच्या चेहऱ्यावर रंगविलेली नाहीं. पक्ष्यांच्या स्थितींतूनच ती पाहणाऱ्याच्या मनांत उपजते. वास्तववाद म्हणजे कोरडेपणा, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हें चित्र अवश्य आठवावें.

डोळ्यानें पाहिलेलें आणि डोक्यांत धरलेलें यांतलें अंतर बर्फाच्या रंगानेंहि कळतें. बर्फ पांढरा, असें सर्वजण मानतात. परंतु उन्हांतला बर्फ किंचित पिवळसर असतो, आणि झाडाच्या सावलींतला बर्फ निळा दिसतो; कारण त्या सावलींत सूर्याचा सरळ प्रकाश पोंचत नाहीं, निळ्या आकाशाचा मात्र पोंचतो. अमेरिकेंतील चित्रकार अ‍ॅबट थेअर (१८४९–१९२१) यानें हें बारकाईनें पाहिलें, आणि बर्फावरच्या निळ्या सावल्यांत निळे पक्षी कसे लपतात याचें सुंदर चित्र काढलें. प्राण्यांचे रंग त्यांना लपविण्यासाठीं असतात, या विषयावर त्याचा मुलगा जेराल्ड याच्या नांवें १९०९ सालीं निघालेल्या ग्रंथांत अशीं चित्रें आलीं. त्यांतला पुष्कळ भाग शास्त्रालाहि उपकारक ठरला. पण आपला सिद्धान्त सर्वत्र लागूं करण्याच्या भरांत थेअरनें असें प्रतिपादिलें कीं, रोहित पक्षी, ज्याला फ्लेमिंगो म्हणतात तो, सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या गुलाबी आकाशांत दिसूं नये म्हणून गुलाबी असतो. आणि तसें चित्रहि काढलें. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, जे स्वतः जन्माचे शिकारी व निसर्गनिरीक्षक, त्यांनीं या म्हणण्याचा खरपूस समाचार घेतला. दिवसाचे उरलेले सारे तास हा पक्षी उघड्यावर ठळक दिसतो, त्याचें काय? बर्फांतल्या पक्ष्याविषयीं अचूक असणारा डोळा पाण्यांतल्या पक्ष्याविषयीं कल्पनेच्या आहारीं गेला, तो असा.

रोहिताचें नांव निघालें म्हणजे ही चर्चा हिमप्रदेश सोडून ठाण्याच्या खाडीवर येते. शीळफाट्याच्या पश्चिमेस डोंगर ओलांडला कीं ती खाडी लागते, आणि तिच्या चिखलांत या भागाचा खरा हिवाळी देखावा मांडलेला असतो. पावसाळा संपला कीं हजारों रोहित तेथें उतरूं लागतात व उन्हाळा सरतां सरतां परततात. धाकटा आणि थोरला अशा त्यांच्या दोन्ही जाती येथें दिसतात. ओहोटी लागली म्हणजे ते उघड्या पडलेल्या चिखलावर येतात, डोकें उलटें करून चोंच पाण्यांत घालतात, आणि चोंचींतल्या गाळणीनें शेवाळ व बारीक जीव गाळून खातात. त्यांचा गुलाबी रंग जन्मजात नसतो. खाण्यांतल्या रंगद्रव्यांतून तो चढतो. पिलें करड्या रंगाचीं असतात आणि पहिलीं कांहीं वर्षें मळकट दिसतात. ऑगस्ट २०१५ मध्यें या खाडीचा सुमारें १,६९० हेक्टरांचा भाग रोहितांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं त्याला रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

या पक्ष्याचें दर्शन मुंबईकरांना घरबसल्या घडविण्याचा एक प्रयत्न फार पूर्वींच झालेला आहे. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्यानें प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयांत, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, निसर्गविज्ञानाचें दालन उभें राहिलें. तेथें धनेश, गवा, वाघ यांच्याप्रमाणेंच रोहितांचाहि देखावा कांचेआड मांडलेला आहे. अशा देखाव्याची रचना मोठी विचार करण्याजोगी असते. पुढें पेंढा भरून तयार केलेले खरे प्राणी, त्यांच्या पायांखालीं त्यांच्या वसतिस्थानासारखी जमीन, आणि मागें रंगविलेला पडदा, अशी ती असते. वस्तु कोठें संपते आणि चित्र कोठें सुरू होतें हें कळूं न देणें, हें कारागिराचें कौशल्य. म्हणजे पुढचा भाग वास्तवाचा आणि मागचें क्षितिज कल्पनेचें. मोजमाप, पिसें, पायांचा बांधा यांत तडजोड नाहीं. पण जो क्षण निवडला तो मात्र डोळ्याला सुखावणारा. दोन्ही वाद येथें एकाच कांचेमागें नांदतात, आणि शिकावयास आलेल्या मुलाचा त्यांत तोटा होत नाहीं.

तोटा होतो तो अर्धें चित्र पूर्ण मानलें म्हणजे. खाडीपलीकडे नवी मुंबईंत रोहित हें शहराचें भूषण मानलें गेलें आहे; भिंतींवर त्याचीं चित्रें आहेत, चौकांत पुतळे आहेत. अशा चित्रांत सहसा एका पायावर उभा, भडक गुलाबी पक्षी असतो आणि त्याच्याभोंवतीं स्वच्छ निळें पाणी असतें. चिखल नसतो, तिवरें नसतात, करडीं पिलें नसतात, उलटें डोकें नसतें. हा लँडसीअरच्या ‘दरीच्या राजा’चा खाडींतला भाऊ होय. त्यानें लोकांच्या मनांत पक्ष्याविषयीं प्रेम उत्पन्न केलें, हें त्याचें मोठें काम. तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु चित्रांत चिखल नाहीं, म्हणून पाहणाऱ्याला चिखल ही घाण वाटते. आणि जी घाण वाटते तिच्यावर भराव घालून जागा सपाट करणें ही सुधारणा वाटूं लागते. पक्षी आवडतो, आणि त्याचें ताट मात्र उचलून नेलें जातें.

या दोन वादांपलीकडे तिसरीहि एक दृष्टि याच मुलखांत आहे. जुन्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, जो २०१४ पासून पालघर जिल्हा झाला, वारली लोक गेरूनें किंवा मातीनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चित्रें काढतात. डहाणूकडील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनीं ती कला जगापुढें नेली, आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रांत केसांचा तपशील नाहीं आणि राजाचा डौलहि नाहीं. माणूस, बैल, मोर, झाड सारे त्याच पांढऱ्या रेषांचे, एकाच भिंतीवर, एकाच गजबजाटांत. वाघालाहि वाघदेव म्हणून त्या जगांत मानाची जागा आहे. बर्फांतल्या चित्रांत पांढऱ्या भूमीवर एकटा काळा प्राणी उभा असतो. येथें काळसर भूमीवर पांढरे प्राणी माणसांच्या संगतींत असतात. प्राणी हा देखावा नव्हे, शेजारी आहे, हें ती रेषा सांगते.

खरें पाहणें किती मोलाचें असतें हें कळण्यास आणखी एक चित्र पुरे आहे. जहांगीर बादशहाच्या (१६०५–१६२७) दरबारांतला उस्ताद मन्सूर यानें पांढऱ्या सायबेरियन क्रौंचाचें चित्र काढलें. कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्यें तें आहे. युरोपीय शास्त्रज्ञांनीं या पक्ष्याचें रीतसर वर्णन केलें तें १७७३ सालीं. मन्सूरनें त्याचा तांबडा चेहरा आणि लांब पाय त्यापूर्वीं सुमारें दीडशें वर्षें टिपले होते. हा क्रौंचहि हिवाळी पाहुणा. सायबेरियाच्या बर्फांतून निघून तो भरतपूरच्या पाणथळींत उतरे. २००१–०२ च्या हिवाळ्यानंतर तो तेथें आलेला नाहीं. चित्र राहिलें आणि पक्षी गेला.

ठाण्याच्या खाडीच्या बाबतींत असें होऊं नये, हा या साऱ्या विवेचनाचा हेतु. धोका लहान नाहीं. २० मे २०२४ च्या रात्रीं घाटकोपरजवळ विमानाशीं टक्कर होऊन रोहितांचा थवा कोसळला आणि चाळिसाच्या घरांत पक्षी मेले. उलट पक्षी, नीट पाहिल्यानें काय साधतें याचेंहि उदाहरण जवळच आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगति रेल्वेसाठीं वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरांचें भुयार आखण्यांत आलें. त्यांतले सुमारें ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. वरून पूल न नेतां खाडीच्या तळाखालून जावयाचें ठरलें, त्याच्या कारणांत रोहितांचें अभयारण्य व तिवरांचें वन होतें. शीळफाट्याच्या बाजूस ज्या भुयाराचें तोंड आहे, त्याची खोली कांहीं अंशीं एका पक्ष्यानें ठरविली, असें म्हणतां येईल. हा निर्णय केवळ गुलाबी रंगाच्या कौतुकानें होत नाहीं. पक्षी काय खातो, कोठें उभा राहतो, कशानें उडून जातो, हें कोणीतरी मोजलेलें असावें लागतें. आणि केवळ मोजल्यानेंहि होत नाहीं. तो पक्षी टिकावा असें पुष्कळांना मनापासून वाटावें लागतें. पहिलें काम वास्तववादाचें, दुसरें अद्भुतरम्यतेचें.

म्हणून मुलांना प्राण्याचें कोणतेंहि चित्र दाखवितांना, मग तें बर्फांतल्या लांडग्याचें असो वा भिंतीवरच्या रोहिताचें, तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी. हा प्राणी या क्षणीं स्वतःसाठीं काय करीत आहे? त्याचें अन्न चित्रांत कोठें आहे? आणि चित्रकारानें काय गाळलें आहे? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळालें तर चित्र वास्तवाच्या बाजूचें समजावें. न मिळालें तर चित्र टाकून देऊं नये; त्यांतला डौल, भीति, करुणा यांचा आस्वाद घ्यावा, पण ती भावना माणसाची आहे हें ओळखून. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर चित्रांत सांपडत नाहीं. त्यासाठीं हिवाळ्यांतल्या एखाद्या सकाळीं, ओहोटीची वेळ पाहून, मुलांना घेऊन खाडीवर जावें लागतें, आणि नाकाला दुर्गंधि लागली तरी कांहीं वेळ तेथें उभें राहावें लागतें.